गर्भारपण आणि मधुमेहाची औषधे

आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वांकिडी हे गाव लागते. 2016 साली आदिलाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन ते नव्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. येथील एखाद्या मराठी घरात मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या सुनेला दिवस गेल्याचे कळले, की वडीलधारी मंडळी सांगतात, "सूनबाई, गोळ्या आधी बंद कर, बाळाला बाधतील." सल्ला मायेचा खरा, पण घातक.

पोटातल्या जिवाला पहिले भय असते ते आईच्या वाढलेल्या साखरेचे. गर्भ राहिल्यापासून सुमारे 28 दिवसांत त्याची मज्जानलिका मिटते. हृदयाची घडणही त्याच सुमारास चालू असते. पाळी चुकल्याचे ध्यानात येऊन दवाखाना गाठेपर्यंत यातील बरेचसे काम उरकलेले असते. त्या दिवसांत साखर फार चढलेली राहिली, तर गर्भपाताचा आणि हृदयात वा पाठीच्या कण्यात व्यंग राहण्याचा संभव वाढतो. म्हणूनच मूल हवे असे ठरताच, दिवस जाण्यापूर्वी, डॉक्टरांकडे जावयाचे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी शक्यतो 6.5 टक्क्यांच्या आत आणावी, आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्याही तेव्हाच सुरू कराव्यात.

आता औषधांविषयी. 1921 साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी शोधून काढलेले इन्सुलिन वार ओलांडून गर्भापर्यंत जवळजवळ जात नाही. म्हणून त्याला पहिली पसंती. सुई लागली म्हणजे दुखणे हाताबाहेर गेले, ही समजूत निराधार होय. मेटफॉर्मिन वारेपलीकडे जाते; तथापि आरंभीच्या महिन्यांत ते घेतल्याने व्यंगे वाढल्याचे आजवरच्या पाहण्यांत आढळलेले नाही. डॉक्टर ते कधी चालू ठेवतात, कधी बदलतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या मात्र गर्भारपणात देत नाहीत. मधुमेही रुग्णांना पुष्कळदा मिळणाऱ्या रक्तदाबाच्या एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्याही बदलाव्या लागतात. घरात त्यांच्याविषयी सहसा कोणी विचारीत नाही! बदल करावयाचा तो डॉक्टरांनी, आणि साखर मोकाट न सोडता.

सून पहिलटकरीण असेल आणि माहेर राजुरा-चंद्रपूरकडे असेल, तर औषधांची चिठ्ठी व तपासण्यांचे कागद तिच्या पिशवीत असावेत. पलीकडच्या डॉक्टरांना तेवढाच आधार.

इन्सुलिन चालू असताना ओकाऱ्यांनी अन्न पोटात ठरले नाही, तर साखर एकाएकी उतरते. घाम फुटतो, हात कापतात. अशा वेळी, ती शुद्धीवर असेल तर, साखरपाणी तत्काळ पाजावे, आणि इन्सुलिनची पुढील मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी.