बहुरूपी फुलपाखरू

पावसाळा ओसरू लागला, की सह्याद्रीच्या घाटांत घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरांची गर्दी होते. त्यांत काळ्या पंखांचे, शेपटीदार असे एक मोठे फुलपाखरू हमखास दिसते. त्याच्या मागील पंखांवर मधोमध पांढरे डाग व कडेने तांबड्या टिकल्या असतात. ते ‘कॉमन रोझ’ असेल. किंवा त्याचे सोंग घेतलेली ‘कॉमन मॉर्मन’ जातीची मादीही असेल!

हे सोंग कशासाठी? रोझची अळी सापसंद नावाच्या विषारी वेलीची पाने खाऊन वाढते. ते विष पुढे फुलपाखराच्या अंगीही उतरते. एकदा त्याची चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेस जात नाही. मॉर्मनजवळ असे विष नाही. तिची अळी लिंबोणीच्या नाही तर कढीलिंबाच्या पानांवर पोसलेली! तरीही रोझचा वेष तिचा जीव वाचवतो. मात्र अशा सोंगाड्यांची संख्या फार वाढून चालत नाही. पक्ष्यांच्या चोचीत वरचेवर रुचकर घास पडू लागला, तर ते त्या वेषाला भीक घालणार नाहीत.

या जातीचा नर सोंग घेत नाही. त्याच्या काळ्या मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. माद्यांपैकी काही नरासारख्या, काही कॉमन रोझसारख्या, तर काही ‘क्रिमसन रोझ’ या दुसऱ्या विषारी फुलपाखरासारख्या दिसतात. मग पंडितही फसले, यात नवल ते काय? लिनिअस यांनी १७५८ साली नराला व मादीला दोन निरनिराळ्या जाती समजून दोन नावे दिली होती. ही सारी रूपे एकाच जातीच्या माद्यांची आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ साली मांडले.

मग ओळखावे कसे? पंखांवर विसंबू नये, धड पाहावे. रोझचे डोके, धडाच्या बाजू व पोटाचे टोक तांबडे असते. मॉर्मनचे धड काळेच. पंख झिजले, फाटले, तरी ही खूण पुसली जात नाही. रोझ संथपणे, निर्धास्त उडते. सोंग घेतलेली मादीही तसेच उडू पाहते. पण कोणी जवळ येताच सोंग विसरून वेगाने झाडीत शिरते. धड दिसलेच नाही, तर वहीत ‘दोहोंपैकी एक’ एवढेच लिहावे. मात्र पानांवर अंडी घालणारी मादी दिसली, तर शंकाच उरत नाही: कढीलिंबावर मॉर्मन, सापसंदाच्या वेलीवर रोझ.