झिजलेला तुकडा

मुलीने आणून दिलेला नवा टॅबलेट काकांनी महिनाभर वापरला आणि कपाटात ठेवला. त्याच कपाटातून जुना बाहेर काढला. हे कळलं म्हणून मी सदाशिव पेठेतल्या त्यांच्या घरी गेले. दिवाळी अंकांची चित्रं काढण्यात त्यांचा जन्म गेलाय.

जुना म्हणजे वॅकॉमचा डिजिटायझर टू, नव्वदच्या दशकातला, १२ बाय १२ इंचांचा. प्लास्टिक पिवळं पडलेलं. उजवीकडे खाली तळहाताएवढा तुकडा झिजून चकचकीत झालाय, कारण तिथे त्यांचा हात टेकत असे. माझी नजर सारखी तिकडेच जात होती.

केबल नऊ पिनांच्या सीरियल पोर्टची, आणि घरातल्या कॉम्प्युटरला तसा पोर्टच नाही. शेजारचा इंजिनिअर मुलगा तपकीर गल्लीतून यूएसबी कनव्हर्टर घेऊन आला होता. अडॅप्टरच्या तुटक्या वायरला त्याने डाग दिला, मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासलं. खोलीभर राळेचा वास.

पेनाला काहीच करावं लागलं नाही. त्यात बॅटरी कधी नव्हतीच. टॅबलेटच्या पोटात तारांची जाळी असते, ती लहरी सोडते. पेनातलं वेटोळं त्या लहरींवर झंकारतं आणि परत उत्तर देतं. वीस वर्षं अंधारात पडून राहिलेलं पेन पहिल्याच फटक्याला बोललं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. अशी वस्तू भंगारात घालायला हात धजतात तरी कसे!

"९६००," मुलगा म्हणाला. "काका, हा एवढ्याच वेगाने बोलतो." सेकंदाला ९६०० बिट. एका बाइटला दहा बिट लागतात आणि पेन कुठे आहे, किती दाबलंय हे सांगायला सात बाइट. म्हणजे सेकंदाला साधारण १३७ वेळा. काकांनी विचारलं, "माझ्या हाताला पुरतील?" पुरले. लिनक्समध्ये या सीरियल टॅबलेटांचा ड्रायव्हर अजून आहे. ९६०० चा मेळ बसला आणि बाण हलला.

काकांनी गोल काढला. स्क्रीनवर वांगं उमटलं.

टॅबलेट चौरस आणि स्क्रीन रुंद, म्हणून रेघ आडवी ताणली जात होती. ते टाळायचं तर १२ इंच रुंदीला उंची पावणेसातच वापरता येणार, उरलेली सव्वापाच इंच पट्टी मुकी राहणार. मुलगा वरचा भाग ठेवू लागला. तिथे हात सरळ जातो, असं त्याचं म्हणणं. काका काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता हात टॅबलेटवर टेकवला. तो आपसूक झिजलेल्या तुकड्यावर जाऊन बसला.

मुलाने आकडे खोडले आणि खालून मोजायला सुरुवात केली.