जीटी८६ला नवे टायर घेताय?

टोयोटा जीटी८६ २०१२ साली बाजारात आली, तेव्हा तिच्या १७ इंची चाकांवर मिशलँचे प्रायमसी एचपी टायर होते. हेच टायर प्रियसलाही मिळायचे! हे मुद्दाम होतं. पकड बेताची ठेवली की गाडीचा मागचा भाग कमी वेगातही सरकतो आणि चालकाला तो सांभाळायची मजा घेता येते.

म्हणून आधी ठरवा, तो खेळकरपणा हवा की पकड? रोजच्या रस्त्यासाठी मी पायलट स्पोर्ट ४ सुचवेन. ओल्यात ब्रेक छान लागतात, स्टीअरिंग नेमकं होतं. मात्र हा उन्हाळी टायर आहे. पारा ७ अंशांखाली जातो तिथे हिवाळी संच वेगळा ठेवा.

मूळ माप २१५/४५ आर१७, चारही चाकांना एकच. २२५/४५ बसतो, पण व्यास सुमारे ९ मिलिमीटरने वाढतो आणि गिअरिंग किंचित लांबतं. २०० अश्वशक्तीच्या गाडीत मला ते नको वाटतं.

मागचा एकच टायर कधीही बदलू नका. दोन चाकांचा घेर वेगळा झाला की सरळ रस्त्यावरही टॉर्सन डिफरन्शियलवर सतत ताण येतो. जोडीच घ्या, एकाच मॉडेलची. दोनच नवे घेणार असाल तर ते मागे लावा, कारण ओल्या वळणावर मागची पकड सुटली की गाडी गर्रकन फिरते.

पैसे देण्याआधी टायरच्या कडेवरचे चार अंक वाचा. २३२४ म्हणजे २०२४चा २३वा आठवडा. पाच वर्षं पडून राहिलेला माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.