भरल्या ताटावरून कोणाला उठवायचं?

ब्राउझरमध्ये पंचवीस-तीस टॅब उघडे, त्यात एक भलंमोठं स्प्रेडशीट उघडलं आणि माउसचा बाण जागीच थिजला. लिनक्सवर काम करणाऱ्यांच्या हे ओळखीचं आहे. यंत्र बंद पडलेलं नसतं. रॅममधलं सामान डिस्कवरच्या स्वॅपमध्ये टाकायचं, लगेच परत आणायचं, या हमालीत ते गुंतलेलं असतं.

याचं मूळ लिनक्सच्या सढळ स्वभावात आहे. प्रोग्रॅमनं मेमरी मागितली की कर्नल सहसा होकार देतो. प्रत्यक्ष पान वाढतो ते प्रोग्रॅम तिथं काही लिहायला गेला की. (मेमरीच्या या तुकड्याला ‘पेज’ म्हणतात, म्हणजे आपलं पानच.) लग्नघरात आमंत्रणं पाचशे आणि स्वयंपाक तीनशेंचा, तसंच हे. सगळे येत नाहीत, म्हणून निभावतं. ज्या दिवशी सगळे येतात, त्या दिवशी कर्नलमधला ‘ओओएम किलर’ पंगतीत शिरतो, प्रत्येकाला गुण लावतो आणि बहुधा सगळ्यात जास्त खाणाऱ्याला भरल्या ताटावरून उठवतो. त्याच्याबद्दलची तक्रार एकच: तो येतो तोवर तुम्ही वैतागून पॉवरचं बटण दाबलेलं असतं.

म्हणून ‘अर्लीऊम’सारख्या सेवा आल्या. उबुंटू किंवा डेबियनवर एका आज्ञेत ती बसते आणि लगेच कामाला लागते. मोकळी रॅम आणि मोकळा स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले, की ती एका प्रोग्रॅमला ‘आता उठा’ असं सांगते. ५ टक्क्यांखाली सांगणं नाही, थेट उचलबांगडी. फेडोरानं २०२० मध्ये आपल्या डेस्कटॉप आवृत्तीत ती मुळातच चालू ठेवली. पुढच्याच वर्षी तिची जागा ‘सिस्टमडी-ओओएमडी’नं घेतली. ही जरा हुशार. मेमरी किती उरली एवढंच न मोजता, मेमरीसाठी कामं किती वेळ खोळंबली तेही ती पाहते. खोळंब्याचं हे मोजमाप फेसबुकच्या अभियंत्यांनी तयार केलं आणि २०१८ च्या शेवटी ४.२० क्रमांकाच्या कर्नलमध्ये आलं.

हुशारीही अंगाशी येते. उबुंटू २२.०४ मध्ये ही सेवा आली आणि लोकांचे ब्राउझर डोळ्यांदेखत नाहीसे होऊ लागले. स्वॅप ९० टक्के भरणं हा कारवाईचा एक निकष होता, आणि मुळात ठेवलेली स्वॅप फाइल लहानशी, म्हणजे ती भरायला वेळ लागेना. शिवाय ही सेवा एकट्याला उठवत नाही, अख्खा गट उठवते. एका टॅबच्या हावरटपणापायी सगळा ब्राउझर गेला. माझ्या मते चूक सेवेपेक्षा आकड्यांची होती, पण अर्धवट लिहिलेलं पत्र गेलेल्याला हे कोण सांगणार?

मग ही सेवा काढायची कशी? इथं बरेच जण फसतात. ‘स्टॉप’ म्हटलं तर ती आत्तापुरती थांबते, यंत्र पुन्हा सुरू केलं की हजर. ‘डिसेबल’ केलं तर आपणहून उठत नाही, पण दुसऱ्या कुणी हाक मारली तर येते. या सेवेला जोडीचं सॉकेटही आहे, ते अशी हाक मारू शकतं. ‘मास्क’ म्हणजे दार विटांनी बुजवणं: सेवेचं नाव ‘डेव्ह-नल’ या अंधाऱ्या विहिरीला जोडलं जातं, मग हाक मारून उपयोग नाही. पॅकेजच काढायचं तर ‘रिमूव्ह’नं सेटिंगच्या फायली मागे राहतात, ‘पर्ज’नं त्याही जातात.

काढण्याआधी ‘जर्नलसीटीएल’मध्ये डोकावून कुणाला, कधी उठवलं हे बघावं. कित्येकदा गुन्हेगार दुसराच निघतो. अर्लीऊमला तर ‘याला हात लावू नकोस’ अशी नावांची यादीही देता येते. दोन्ही सेवा एकदम मात्र चालवू नयेत. एकाच पंगतीत दोन यजमान झाले, की कोणी कुणाला उठवलं हे शोधतानाच दमछाक होते.

दोन्ही काढल्या तरी कर्नलमधला जुना ओओएम किलर उरतोच. तो पॅकेज नाही, त्यामुळे ‘पर्ज’च्या तावडीत सापडत नाही. उशिरा का होईना, येतो.