सामायिक भाजीमळा: आधी वही, मग कुदळ

पावसाळा सरत आला की मोहल्ल्यातली किंवा शाळेमागची मोकळी जागा डोळ्यांत भरते. पाच-सहा घरांनी मिळून भाजी लावायची ठरते, बियांची पाकिटं येतात, आणि डिसेंबरपर्यंत तिथे गवत माजलेलं असतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पाणी कोण घालणार आणि भाजी कशी वाटून घ्यायची, हे आधी बोललेलंच नसतं. म्हणून आम्ही शाळेत मुलांना आणि त्यांच्या अम्मी-अब्बांना आधी वही उघडायला लावतो.

वाफे कुणाचे?

समजा 20 बाय 30 फुटांची जागा आहे आणि सहा घरं आहेत. 3 फूट रुंद, 15 फूट लांब असे सहा वाफे करा; मध्ये दीड फुटाची वाट ठेवा. वाफा 3 फुटांचा असला की दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो, माती तुडवावी लागत नाही.

आता प्रत्येक घराला एक वाफा द्यावा, असं पटकन वाटतं. पण मग प्रत्येक जण सगळंच थोडंथोडं लावतो आणि पाण्याचा हिशेब जमत नाही. त्यापेक्षा एका वाफ्यात एकच पीक घ्या: टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, पालेभाजी, मुळा-गाजर. घरांना वार वाटून द्या. सहा घरं, सहा वार. रविवारी सगळ्यांनी मिळून खुरपणी आणि तोडणी. भाजी तिथेच सारखी वाटायची.

याचा पुढच्या वर्षीही फायदा होतो. टोमॅटो, वांगी, मिरची ही एकाच कुळातली पिकं. ती पुन्हा त्याच मातीत लावली की रोग वाढतात. वहीत नकाशा असला की वाफे बदलणं सोपं जातं.

किती रोपं, कधी पेरायची?

टोमॅटोच्या 15 फुटी वाफ्यात दोन ओळींत दीड-दीड फुटावर सुमारे 20 रोपं बसतात. काही मरतील, म्हणून 30 बिया पेरा. टोमॅटोच्या एका ग्रॅममध्येच साधारण 300 बिया असतात, तेव्हा सहा घरांनी सहा पाकिटं आणायची गरज नाही. एकच आणा.

तारीख उलटी मोजा. 15 नोव्हेंबरला लावणी करायची असेल, तर मिरचीला 35 ते 40 दिवस लागतात, म्हणजे पेरणी 6 ते 11 ऑक्टोबरला. वांग्याला 30 ते 35 दिवस; टोमॅटो आणि कोबीला 25 ते 30. सगळं एकाच दिवशी पेरलं तर टोमॅटोचं रोप लांबुडकं होतं आणि मिरची अजून दोन पानांवर असते.

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर यांची रोपं करू नका. थेट वाफ्यात पेरा. मेथी-कोथिंबीर दर 15 दिवसांनी थोडी थोडी पेरा. म्हणजे एकदम ढीग येत नाही, आणि रमजान हिवाळ्याच्या शेवटी आला तर इफ्तारीच्या भज्यांनाही ताजी कोथिंबीर मिळते.

रोपं एकाच ठिकाणी

सगळी रोपं ज्या घराला सकाळचं ऊन आणि जवळ पाणी आहे तिथे वाढवा. तळाला भोकं पाडलेले कागदी कप चालतात. चाळलेली माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घ्या. बी साधारण 1 सेंटीमीटर खोल टाका. पाणी झारीने, सकाळी.

रोपं बुडाशी कुजून आडवी पडू लागली तर तो मर रोग. दाट पेरणी आणि जास्त पाणी ही त्याची मुख्य कारणं. पेरताना बियांना चिमूटभर ट्रायकोडर्मा चोळा आणि माती वरून सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. पांढरी माशी येऊ नये म्हणून वर बारीक जाळी टाका.

लावणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी कमी करा आणि रोपांना उन्हाची सवय लावा. लावणी संध्याकाळी करा, लगेच पाणी द्या.

एक गोष्ट पेरणीआधीच वहीत लिहा: एखादं घर गावी गेलं तर त्याच्या वाराचं पाणी कोण घालणार? कोवळं रोप कडक उन्हात दोन दिवसही तहान सोसत नाही.