किंमत नसलेल्याचे मोल

इनामगावी घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन वस्तीत धान्याचे कोठार आणि पाण्याचा कालवा आढळला. जे साठवता येते, वाटता येते, त्याची व्यवस्था माणूस तीन हजार वर्षांपूर्वीही लावीत होता. परंतु जे कोठारात मावत नाही त्याचे काय, हा प्रश्न अर्थशास्त्र शिकविताना मला नेहमी छळतो.

सिंधुदुर्ग व गोव्याच्या अरण्यात राहणाऱ्या लोरिसचेच पाहा. वानरांच्या दूरच्या गोतातला हा बिनशेपटीचा, ओंजळीत मावेल एवढा प्राणी. दिवसभर तो दाट पानोळ्यात अंगाचा गोळा करून झोपतो. अंधार पडताच विजेरीच्या झोतात लालसर चमकणारे त्याचे टपोरे डोळे दिसतात. काटकुळ्या हातापायांनी फांदी घट्ट धरून तो संथपणे सरकतो आणि किड्यावर मात्र अचानक झडप घालतो. मुंग्या, वाळवी, भुंगेरे हे त्याचे मुख्य अन्न. मादीचा गर्भकाळ साडेपाच महिन्यांचा आणि एका वेळी पिले एक किंवा दोन. म्हणजे घटलेली संख्या लवकर भरून निघणे नाही.

लोरिसला उडी मारता येत नाही. रस्त्यासाठी झाडे तोडली, दोन्हीकडच्या फांद्यांची भेट तुटली, की त्याला जमिनीवर उतरावे लागते आणि तेथे वाहनाचे चाक वा कुत्रे त्याची वाट पाहत असते. भरीला जादूटोणा आणि गावठी औषधे यांसाठी त्याला पकडले जाते. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे. तरीही मेलेल्या लोरिसला चोरटा भाव मिळतो आणि पिकावरची कीड फस्त करणाऱ्या जिवंत लोरिसची किंमत मात्र शून्य धरली जाते. बाजाराची यापेक्षा विपरीत गणिती चूक कोणती?

तमिळनाडूने २०२२ साली कडवूर येथे लोरिससाठी देशातील पहिले अभयारण्य घोषित केले. आपण निदान एवढे करू शकतो : रस्त्याचा खर्च मांडताना छेदल्या जाणाऱ्या फांद्याही खर्चाच्या बाजूला लिहाव्यात आणि शक्य तेथे रस्त्यावरचे छत्र अखंड ठेवावे. रिकामे झालेले कोठार पुढच्या सुगीत पुन्हा भरते. रिकामे झालेले अरण्य तसे भरत नाही.