प्रौढांचा गोधडीवर्ग : रीत शिकणाऱ्यांची आणि शिकविणाऱ्यांची

पूर्वी महाराष्ट्रात गोधडी शिकण्यासाठी कोणी वर्गाला जात नसे. जुनी लुगडी, धोतरे, विटलेल्या चादरी यांचे थर ओसरीवर पसरले जात. आजी एका कडेला बसे, नात दुसऱ्या कडेला. आणि कडेकडून आत आत सरकणारा धावदोरा पाहता पाहता मुलीच्या हाती उतरे. त्या शिक्षणाला शुल्क नव्हते, वेळापत्रक नव्हते. कोणी कोणाशी कसे वागावे, हेही वेगळे सांगावे लागत नसे. नात्यानेच ते ठरलेले असे. वाकडा टाका पाहून आजी रागावली, तरी रात्री त्याच गोधडीत नातीला कुशीत घेणारीही तीच असे.

आज हीच कला शहरांतून वर्गात शिकविली जाते. तेथे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया प्रौढ असतात. मुलांची लग्ने झालेली, स्वयंपाकघर सुनेने सांभाळलेले आणि दुपारचे दोन तास प्रथमच स्वतःचे झालेले. समोर शिकविणारी कित्येकदा वयाने त्यांच्या मुलीएवढी असते. नाते रक्ताचे नाही, शाळेतलेही नाही. मध्ये पैशाचा व्यवहार आहे. साहजिकच वर्गातील बरेचसे रुसवे-फुगवे टाक्यांवरून होत नाहीत. ते वागण्यावरून होतात. म्हणून दोन्ही बाजूंची रीत नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

शुल्कात काय येते?

व्यापारी घरात ‘पैसे मोजले की माल आपला’ हा नियम लहानपणापासून अंगवळणी पडलेला असतो. वर्गाच्या बाबतीत मात्र हा नियम अर्धाच लागू पडतो. शुल्क देऊन विद्यार्थिनी शिक्षिकेचा ठरावीक वेळ आणि ठरावीक पाठ घेते. शिक्षिकेची सारी दुपार, तिचा दूरध्वनी किंवा तिचे सर्व नमुने ती विकत घेत नाही. रात्री दहा वाजता टाक्याचे छायाचित्र पाठवून ‘हे कुठे चुकले?’ असे विचारणे म्हणजे दुकान बंद झाल्यावर मालकाच्या घरची कडी वाजविण्यासारखे आहे.

शुल्कावर घासाघीस करणेही शोभत नाही. दहा जागांच्या वर्गात एक जागा राखली की ती दुसऱ्या कोणाला देता येत नाही. शिवाय अनेक शिक्षिका प्रत्येकीसाठी कापड आधीच कापून ठेवतात. ऐन दिवशी ‘पाहुणे आले’ म्हणून न येणारीने पैसे परत मागणे म्हणजे फाडून घेतलेला कटपीस परत करण्यासारखे होय.

शिक्षिकेच्या बाजूनेही व्यवहार स्वच्छ हवा. साहित्याची यादी अचूक आणि आगाऊ द्यावी. कापड किती, अस्तर किती, मधला थर कोणत्या जातीचा, यंत्र घरून आणायचे की वर्गात मिळेल, हे सारे त्यात यावे. विशिष्ट दुकानातूनच खरेदी करण्याचा आग्रह असेल आणि त्यात तिला दलाली मिळत असेल, तर ते उघड सांगावे. मधला थर सुती, लोकरीचा वा कृत्रिम धाग्याचा असू शकतो आणि वरचे तुकडे रेशमीही असू शकतात. अनेक जैन घरांत रेशीम वर्ज्य असते. शिकणारीने हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि शिकविणारीने कारणांची उलटतपासणी न करता सुती पर्याय सुचवावा. दोघींचाही त्यात अवघडलेपणा वाचतो.

वेळेचा हिशेब

वर्ग दोन तासांचा, म्हणजे १२० मिनिटांचा, आणि विद्यार्थिनी दहा आहेत असे धरू. सुरुवातीची ३० मिनिटे प्रात्यक्षिकाची. उरलेल्या ९० मिनिटांत प्रत्येकीच्या वाट्याला ९ मिनिटे येतात. एकीने २० मिनिटे घेतली, तर उरलेल्या नऊ जणींना प्रत्येकी आठ मिनिटेही उरत नाहीत. कोणी उशिरा आले आणि तिच्यासाठी प्रात्यक्षिकातील १० मिनिटे पुन्हा खर्च झाली, तर प्रत्येकीचे एक मिनिट गेले. हे मिनिट उशिरा येणारीचे नसते, शेजारणींचे असते.

म्हणून उशीर झालाच, तर गुपचूप जागेवर बसावे आणि हुकलेला भाग मधल्या सुटीत विचारावा. यंत्र घरून आणायचे असेल, तर ते तेल घालून, नवी सुई बसवून, दोन दिवस आधी चालवून पाहावे. बॉबिन भरण्यातच अर्धा तास गेला तर दोष कोणाला देणार? प्रात्यक्षिक चालू असताना भ्रमणध्वनी पिशवीत राहू द्यावा. चित्रफीत घ्यायची असेल, तर आधी परवानगी मागावी. फरसाणाचा डबा उघडायचा तो कापडापासून दूर. तेलाचा डाग पडलेला तुकडा सहसा शेजारणीचाच निघतो.

शिक्षिकेने वेळेआधी येऊन यंत्रे, इस्त्री आणि उजेड पाहून ठेवावा. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. सुई ओवायला मदत मागणे कोणाला कमीपणाचे वाटू नये, याची काळजी तिने न बोलता घ्यावी. आणि जी गप्प बसते तिच्याकडेही तिच्या नऊ मिनिटांसाठी जावे. बोलक्या विद्यार्थिनी सारा वेळ खातात आणि संकोची स्त्री तीन आठवड्यांनी येईनाशी होते, हे कोणत्याही वर्गात घडू शकते.

पाव इंचाची शिस्त

तुकडे जोडून करायच्या गोधडीत शिवणीसाठी कडेने पाव इंच कापड सोडण्याची पद्धत जगभर रूढ आहे. नवशिक्या स्त्रीला ही निव्वळ हेकेखोरी वाटते. पण हिशेब पाहावा. एका रांगेत १२ तुकडे असतील, तर शिवणी ११. प्रत्येक शिवण एक मिलिमीटर जास्त आत गेली, तर दोन्ही तुकड्यांचे मिळून दोन मिलिमीटर जातात. ११ शिवणींत २२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच. मग रांगा जुळत नाहीत, चौकोनांचे कोपरे भेटत नाहीत.

यावर एक सोपी परीक्षा आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या पाव इंच सोडून एकमेकींना जोडाव्यात. मधली पट्टी बरोबर एक इंच आणि सर्वांची मिळून रुंदी साडेतीन इंच भरली पाहिजे. पहिल्याच दिवशी सर्वांकडून ही परीक्षा करून घेणाऱ्या शिक्षिकेला पुढे कोणावर डाफरावे लागत नाही. चूक माणसाने दाखविण्याऐवजी मोजपट्टीच दाखविते. विद्यार्थिनीनेही ‘आमच्याकडे असेच शिवतात’ असे म्हणून मोजमाप टाळू नये. वर्गात आल्यावर त्या वर्गाची पद्धत एकदा पूर्ण करून पाहावी. घरी मग आपली रीत आहेच.

गोल पात्याचे कातर-चाक जपानमधील ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये बाजारात आणले आणि तुकडे कापण्याचे काम झपाट्याने सोपे झाले. पण हे पाते अत्यंत धारदार असते. प्रत्येक काप झाल्यावर ते झाकणे हा सर्वांच्या बोटांचा प्रश्न आहे. तेथे वयाचा मान राखून गप्प बसणे शिक्षिकेला परवडणारे नाही. शेजारणीची कापडाची कात्री उचलून तिने कागद कापणे हाही असाच अपराध. कागदाने कात्रीची धार जाते आणि मैत्रीचीही.

दुसरीच्या कामाला हात

वर्गातील सर्वांत नाजूक क्षण टाके उसविण्याचा. घरात चार माणसांवर शब्द चालविणारी, दुकानाचा गल्ला सांभाळणारी स्त्री येथे पहिलीच्या मुलीसारखी चुकते. अशा वेळी शिक्षिकेने तिच्या हातून कापड ओढून घेऊन सर्वांदेखत टाके उसविले, तर टाके सरळ होतील. ती स्त्री मात्र पुन्हा कदाचित येणार नाही. घरी कोणी विचारले, तर ‘गुडघे दुखतात’ असे सांगेल.

कापडाला हात लावण्यापूर्वी ‘पाहू का?’ असे विचारावे. चूक दाखवायची ती जवळ जाऊन, हळू आवाजात. उसवायचे की नाही, हे जिचे काम तिने ठरवावे. परिणाम काय होईल तेवढे शिक्षिकेने सांगावे. तिचे काम स्वतः शिवून देऊ नये. नीटनेटकी पण परक्या हाताची गोधडी घेऊन घरी गेलेली स्त्री काहीच शिकलेली नसते. ‘हे अगदी सोपे आहे’ हे वाक्यही टाळावे. ज्याला ते जमत नाही त्याला ते टोचते. ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘हा कोपरा अचूक जुळला’ म्हणणे अधिक उपयोगी.

विद्यार्थिनींनी शेजारणीला न मागता शिकवू नये. दोन गुरू झाले की शिष्येचा गोंधळ उडतो. रंगसंगतीवर नाके मुरडू नयेत. जांभळ्याशेजारी पोपटी कोणाला आवडत असेल, तर ती गोधडी तिच्याच घरी जाणार आहे.

हाक कशी मारावी?

पासष्ट वर्षांच्या बाई तिशीतल्या शिक्षिकेला ‘अगं, इकडे ये’ म्हणतात. त्यात माया असते, पण वर्गात त्याने शिक्षिकेचा अधिकार उणा होतो. उलट शिक्षिका ‘आजी, तुम्हाला नाही जमायचे’ म्हणते. ‘तुम्ही’ म्हटल्याने त्या वाक्यातील अनादर झाकला जात नाही. शिक्षिकेला ‘ताई’ किंवा ‘मॅडम’ आणि दोन्हीकडून ‘तुम्ही’, हा मध्यममार्ग उत्तम. वर्ग सुटल्यावर चहाच्या वेळी ‘अगं’ म्हणायला कोणाची हरकत नसते.

नमुना कोणाचा?

नऊ चौकोनांचा, त्रिकोणांचा किंवा आडव्याउभ्या पट्ट्यांचा परंपरागत नमुना कोणा एकाचा नाही. पण शिक्षिकेने स्वतः आखलेले रेखाटन आणि लिहिलेली टिपणे तिची असतात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार लेखी व कलात्मक मूळ कृतीवर कर्त्याचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. त्या टिपणांच्या प्रती काढून नणंदा-जावांना वाटणे हे प्रेमापोटी घडते, तरी त्यात एकीच्या उपजीविकेला कात्री लागते. आपल्या पेढीचा चोपडा कोणी उतरवून घेतला तर काय वाटेल, एवढा विचार पुरेसा आहे. शिक्षिकेनेही विद्यार्थिनीच्या गोधडीचे छायाचित्र जाहिरातीसाठी वापरण्यापूर्वी तिची संमती घ्यावी.

जुनी साडी

प्रौढांच्या वर्गात एक दिवस असा येतो, की कोणी तरी पिशवीतून घडी घातलेली साडी काढते. ती गेलेल्या आईची असते, किंवा सासूबाईंची. तिची गोधडी करून नातवाला द्यायची असते. कापड बाजारात या साडीला मोल नाही, पण एक काप चुकला तर जगातील कोणत्याही दुकानात तिची बदली मिळत नाही.

अशी साडी आणणारीने शिक्षिकेला ती कोणाची आहे हे आधी सांगावे. साधे जुने कापड समजून तिने घाईत मापे आखू नयेत. शिक्षिकेने त्या दिवशी पाते हाती देऊ नये. आधी तेवढ्याच मापाच्या साध्या सुती कापडावर पूर्ण सराव करून घ्यावा. साडी धुऊन रंग जातो का, कापड आटते का, झिजलेला भाग कोठे आहे हे पाहावे. विरलेल्या भागामागे अस्तर लावावे. मग पहिला काप कोठे द्यायचा, हे त्या स्त्रीला ठरवू द्यावे. शेजारणींनी त्या वेळी सल्ले न देता शांत राहावे. तिचे डोळे भरून आले, तर यंत्रे क्षणभर थांबवावीत.

वेळेवर येणे, टिपणांचा मान राखणे, विचारून हात लावणे या रोजच्या लहान गोष्टींचे मोल अशा दिवशी कळते. ज्या वर्गात त्या पाळल्या जातात, तेथेच एखादी स्त्री अशी साडी पिशवीतून बाहेर काढते. जेथे त्या पाळल्या जात नाहीत, तेथे ती साडी घडीवर घडी कपाटातच राहते.